सहा पिनांची वायर: एका शनिवारचा घटनाक्रम

शनिवारी रात्री १० वाजून ४२ मिनिटांनी, पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका घरात, छपाईला निघालेल्या दिवाळी अंकाची शेवटची प्रत हातची गेली. चालू प्रत त्याच संध्याकाळी गेली होती, पण ती गेलीय हे तोवर कुणालाच कळलेलं नव्हतं. आग लागली नाही, स्फोट झाला नाही. कपाटातून काढलेली एक हार्ड डिस्क कॉम्प्युटरला जोडली आणि बटण दाबलं, एवढंच घडलं.

मी कॉम्प्युटर जोडून देण्याचं आणि बिघडलेले बघण्याचं काम करतो. मला फोन आला तो यानंतर. खालच्या वेळा मी फोनमधले कॉल, व्हॉट्सॲपवरचे फोटो आणि घरातल्यांचं सांगणं जुळवून लावल्या आहेत. कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला हे लिहीत नाही. त्या दिवसातला जवळजवळ प्रत्येक निर्णय त्या घटकेला शहाणपणाचाच वाटावा असा होता, म्हणून तर तो सविस्तर सांगायला हवा.

घर डीटीपी करणाऱ्या ताईंचं. कॉम्प्युटर त्यांच्या भाच्याने सुटे भाग आणून जोडलेला. आत २४० जीबीची एसएसडी: तिच्यात विंडोज, इनडिझाइन, फॉन्ट आणि चालू अंक. खाली १ टीबीची जुनी हार्ड डिस्क: तिच्यात मागच्या वर्षांची कामं. तिसरी, २ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क कपाटात असायची. दर रविवारी ताई ती यूएसबी डॉकवर लावायच्या, आठवड्याचं काम उतरवून घ्यायच्या आणि पुन्हा पिशवीत घालून ठेवायच्या. आमच्या भागातल्या कितीतरी ऑफिसांत एवढी शिस्त नाही.

सकाळी १०.१५ · साडेबारा तास शिल्लक

अंक १७६ पानांचा, म्हणजे सोळा पानी अकरा फर्मे. रविवारी सकाळी नऊला प्लेटसाठी फाइल्स छापखान्यात पोचायच्या होत्या. मुखपृष्ठ आणि पहिले चार फर्मे संपादकांनी तपासून ‘ओके’ केले होते. ताई पाचव्या फर्म्याची पीडीएफ काढायला गेल्या आणि ती अर्ध्यात थांबली. डिस्कवर जागा नाही. सराफाची जाहिरात, बँकेची जाहिरात, चित्रकाराने पाठवलेली मोठ्या रेझोल्यूशनची चित्रं, यांनी ड्राइव्हचा पट्टा लाल करून टाकला होता.

‘शेवटच्या दिवशी कशाला मशीन उघडायचं?’ असं नंतर दोघातिघांनी ऐकवलं. मला ते पटत नाही. जागा करायची तर काहीतरी पुसायला हवं, आणि अंक छपाईला निघालेला असताना घाईघाईत फाइली पुसणं हा त्याहून मोठा धोका आहे. नको म्हणून उडवलेलं एखादं चित्र कुठल्यातरी पानावर लिंक केलेलं निघतं आणि ते छापून आल्यावरच दिसतं. डिस्क वाढवायची हे ताईंनी बरोबरच ठरवलं.

दुपारी १२.४० · दहा तास शिल्लक

भाचा तपकीर गल्लीतून १ टीबीची नवी एसएसडी घेऊन आला. मदरबोर्ड जुना, त्यावर एम-डॉट-टूचा स्लॉट नाही, म्हणून अडीच इंची साटा एसएसडी. बेत चांगला होता: नवी डिस्क जुनीच्या शेजारी लावायची, जुनीची जशीच्या तशी क्लोन करायची, नवीवरून मशीन सुरू होतंय हे पाहायचं आणि मगच जुनी काढायची. क्लोन करताना मूळ डिस्क फक्त वाचली जाते, तिच्यावर काही लिहिलं जात नाही. म्हणजे काही बिघडलंच तर जुनी तशीच हाताशी राहणार.

ताईंनी एक विचारलं होतं. “आधी कपाटातली डिस्क डॉकवर लावून आजपर्यंतचं उतरवून घेऊ का?” मागचा रविवार होऊन सहा दिवस झाले होते, आणि अंकाचं सगळ्यात दाट काम याच सहा दिवसांतलं.

“मावशी, क्लोन करतोयच ना आपण. तीच कॉपी.”

माझ्या मते दिवस इथे फिरला. ही दुसरी प्रत उघडलेल्या मशीनच्या आत तयार होणार होती, त्याच पॉवर सप्लायवर, मूळ प्रतीच्या शेजारी. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने फोटो सांभाळणाऱ्यांसाठी एक नियम रूढ केला: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. या नियमातला ‘तीन’ लोकांच्या लक्षात राहतो. प्रती एकमेकींपासून वेगळ्या असाव्यात हे विसरलं जातं. एकाच वायरीवर टांगलेल्या दोन प्रती संकटाच्या वेळी एकच असतात.

दुपारभर ताईंनी मुद्रितशोधकांकडून आलेल्या दुरुस्त्या चालवल्या. नव्या पीडीएफ निघत नव्हत्या, पण मूळ फाइल सेव्ह होत होती. साडेपाचला त्यांनी मशीन बंद केलं.

सायंकाळी ५.५० · पाच तासांहून थोडं कमी

कॅबिनेट उघडलं. या वेळचा एक फोटो भाच्याने मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातला तोच मुख्य पुरावा.

पावसाळ्यात लाइट सारखी जा-ये करत होती तेव्हा मशीनचा जुना पॉवर सप्लाय गेला होता. त्या जागी भाच्याने मॉड्युलर पॉवर सप्लाय बसवला. मॉड्युलर म्हणजे ज्याच्या वायरी सुट्या असतात: लागतील तेवढ्या लावायच्या, उरलेल्या खोक्यात ठेवायच्या. डिस्कसाठीची एक वायर त्याने तेव्हा लावली होती. आता तिच्यावरची टोकं नव्या जागेपर्यंत पोचेनात, दुसरी वायर हवी होती. ती होती, अगदी त्याच पॉवर सप्लायबरोबर आलेली, कोरी. पण खोकं माळ्यावर, पुढे दिवाळीचे आकाशकंदील आणि फराळाची मोठी पातेली रचलेली. भाच्याच्या सॅकमध्ये मात्र त्याने जोडलेल्या कुठल्यातरी दुसऱ्या मशीनमधली तशीच एक वायर होती. सहा पिनांचं टोक, काळी चपटी पट्टी, पुढे साटाची तीन तोंडं. त्याने ती पॉवर सप्लायच्या सॉकेटमध्ये लावून पाहिली. टक्‌ आवाज करून खटका बसला. ओढून पाहिली, हलली नाही.

आता या टोकाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझा राग इथे आहे.

कॉम्प्युटरच्या आतल्या जवळपास सगळ्या जोडण्या ठरलेल्या असतात. एटीएक्स हे मानक इंटेलने १९९५ साली आणलं. मदरबोर्डला जाणाऱ्या मोठ्या जोडाच्या कुठल्या पिनेवर किती व्होल्ट, हे तेव्हापासून लिखित आहे. आधी वीस पिना होत्या, पुढे चोवीस झाल्या, तरी नियम कायम. डिस्कच्या बाजूचं साटाचं तोंडही तसंच: पंधरा पट्ट्या, पहिल्या तीन ३.३ व्होल्टच्या, सातवी ते नववी ५ व्होल्टची, शेवटच्या तीन १२ व्होल्टच्या, मधल्या बहुतेक अर्थिंगच्या. जगातली कुठलीही साटा डिस्क घ्या, जवळपास हेच.

पण त्याच वायरीचं दुसरं टोक, पॉवर सप्लायमध्ये जाणारं, त्याला असा सर्वांना बांधणारा नियमच नाही. तिथे कुठल्या पिनेवर काय सोडायचं हे प्रत्येक उत्पादक आपापलं ठरवतो. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतसुद्धा फरक सापडतो. आणि तरीही प्लॅस्टिकचा साचा मात्र बहुतेक जण एकच वापरतात, त्यामुळे एकाची वायर दुसऱ्यात बिनतक्रार बसते. घरातल्या भिंतीवर सोळा अँपियरची पिन सहा अँपियरच्या सॉकेटमध्ये घालायला गेलं तर ती जातच नाही. माणसाला काही ठाऊक असायची गरज उरत नाही, साचाच त्याला अडवतो. इथे अडवणारं काही नाही. त्यात भर म्हणजे पूर्वी डिस्कच्या वायरींना रंग असायचे: पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, काळी अर्थिंग. जाणकार माणूस नुसत्या नजरेने उलटसुलट ओळखायचा. आता कॅबिनेटला काच आली, आतलं दिसायला लागलं, आणि शोभेसाठी सगळ्या वायरी काळ्या झाल्या. शेवटची खूणही गेली.

भाच्याने नवी आणि जुनी अशा दोन्ही एसएसडी या वायरीवर घेतल्या, शेजारी शेजारी छान बसत होत्या म्हणून. मूळ वायरीचं मोकळं झालेलं टोक त्याने मदरबोर्डच्या मागे टायने आवळून टाकलं. काम अतिशय नीटनेटकं होतं. फोटोत ते दिसतं.

सायंकाळी ६.२२ · सव्वाचार तास शिल्लक

बटण दाबलं. पंखा पाव वळसा फिरला आणि थांबला.

त्या पाव वळशात काय झालं ते मीटर लावल्यावर कळलं, ते पुढे येईल. इथे एवढंच सांगतो की अडीच इंची एसएसडी सगळी ५ व्होल्टवर चालते, आणि त्या क्षणी दोन्ही एसएसडींच्या ५ व्होल्टच्या पट्ट्यांवर १२ व्होल्ट आले होते. आतला भाग जळून शॉर्ट झाला. पॉवर सप्लायला शॉर्ट जाणवला आणि त्याने स्वतःला बंद करून घेतलं. पंखा थांबला तो त्यामुळे.

वास आला असणार. पण तिन्हीसांजेची वेळ, देवापाशी नुकतीच उदबत्ती लावलेली. एसएसडीचा डबा बंद असतो, वरून ना डाग दिसतो ना चट्टा.

भाच्याने पुन्हा बटण दाबलं. आता पंखा हललासुद्धा नाही. ‘मघाशी निदान हलला तरी होता, म्हणजे बटणच गेलं असेल,’ असा त्याचा तर्क. खरं कारण वेगळं. चांगला पॉवर सप्लाय एकदा ट्रिप झाला की बटणाला दाद देत नाही. भिंतीवरचा स्विच बंद करून थोडा वेळ थांबावं लागतं, मग तो पुन्हा एकदा प्रयत्न करतो. मदरबोर्डवरचा बारीक दिवा मात्र या सगळ्यात लागलेलाच असतो, कारण त्याची स्टँडबायची लाइन वेगळी. दिवा लागलाय म्हणजे सप्लाय ठीक आहे, असं वाटून माणूस चुकीच्या वाटेला लागतो.

पुढचे दोन तास त्या वाटेवर गेले. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने पुसल्या, एकेक करून लावल्या. सीमॉसचा सेल काढून ठेवला. बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने जोडून पाहिल्या. प्रोसेसरचा वरचा जोड काढून परत लावला. हे सगळं पाठ्यपुस्तकात शोभावं असं, क्रमाने आणि न रागावता. दर वेळी स्विच बंद-चालू झाला की पंखा तेवढाच वळायचा.

रात्री ८.१० · अडीच तास शिल्लक

संपादकांचा फोन. “ताई, किती वाजेपर्यंत होईल? छापखानेवाले विचारतायत.”

“करतोय सर. मशीन जरा रुसलंय.”

फोन ठेवून ताई भाच्याला म्हणाल्या, “मुलीचा लॅपटॉप आहे. कपाटातली डिस्क डॉकवर लावून त्याच्यावर करू का?”

तसं केलं असतं तर सहा दिवसांचं काम गेलं असतं, पण मागच्या रविवारपर्यंतचा अंक सुरक्षित राहिला असता. डॉकला स्वतःचा ॲडॉप्टर असतो, या पॉवर सप्लायशी त्याचा काही संबंध नाही. पण लॅपटॉपवर इनडिझाइन नव्हतं, फॉन्ट नव्हते आणि ताजं काम तर एसएसडीवर होतं, जी चांगली आहे असं दोघंही धरून चालले होते. “अर्ध्या तासात हेच सुरू करतो,” भाचा म्हणाला.

रात्री ८.३५ · दोन तास शिल्लक

‘डिस्कचा काही घोटाळा आहे का’ हा प्रश्न भाच्याला पडला. दोन्ही एसएसडींच्या डेटाच्या वायरी त्याने काढल्या. पॉवरच्या तशाच राहिल्या. बटण दाबलं, तोच पाव वळसा. म्हणजे डिस्कचा दोष नाही, असं ठरलं.

ही चाचणी मी कितीतरी लोकांना अशीच करताना पाहिली आहे. डेटाची वायर म्हणजे डिस्क, असं मनात बसलेलं असतं. डेटाची वायर काढली तर मशीनला डिस्क दिसणार नाही हे खरं. पण शॉर्ट झालेली डिस्क पॉवरच्या वायरीतून सगळ्या मशीनचा गळा धरून बसलेली असते, ती दिसो वा न दिसो. संशय डिस्कवर असेल तर पॉवर काढायची. नाहीतर चाचणी केलीच नाही असं समजावं. इथे तर तिने खऱ्या आरोपीला निर्दोष सोडलं, आणि तास-सव्वा तास मदरबोर्डला दोष देण्यात गेला.

रात्री ९.५० · बावन्न मिनिटं शिल्लक

सगळं काढून पहिल्यापासून जोडायचं असं भाच्याने ठरवलं. पॉवर सप्लायमधून ती सहा पिनांची वायर बाहेर आली. बटण दाबलं.

मशीन सुरू झालं. पंखे, बीप, पडद्यावर बोर्डाचा लोगो, मग काळ्या पडद्यावर बूट करायला डिस्क सापडत नसल्याची ओळ. ताईंनी संपादकांना मेसेज टाकला: ‘सुरू झालं. तासाभरात फर्मे पाठवते.’

उत्तर समोर होतं. एक वस्तू काढली आणि मशीन जिवंत झालं. पण निघाल्या होत्या तीन वस्तू एकदम: वायर, नवी एसएसडी, जुनी एसएसडी. त्या तिघींत संशय नवखीवर गेला. दुपारीच आणलेली डिस्क, नवीच खराब निघाली असणार. असं होतंही. वायर मात्र वस्तू म्हणून कुणाच्या डोक्यातच नव्हती. वायरीचा एकच गुण लोक तपासतात, ती तुटलीय का. ती धडधाकट असून चुकीची असू शकते, हे ज्याने एकदा पाहिलंय त्यालाच सुचतं.

रात्री १०.१५ · सत्तावीस मिनिटं

नवी एसएसडी बाजूला ठेवली. जुनी एकटी पुन्हा त्याच वायरीवर लावली, कारण मूळ वायरीचं टोक मागे आवळून बांधलेलं. पंखा पाव वळसा फिरून थांबला.

भाच्याचा चेहरा इथे पडला, असं ताई सांगतात. दोन डिस्क एकाच दिवशी कशा जातील? म्हणजे मदरबोर्डच डिस्क ओळखायला गेला की शॉर्ट होतोय. की खरंच जुनीही गेली? ठरवायचं तर एक डिस्क अशी हवी होती जी शंभर टक्के चांगली आहे.

रात्री १०.४२

अशी डिस्क त्यांच्या मते घरात एकच होती: कपाटातली.

संशयित भाग काढून त्या जागी खात्रीचा भाग लावून बघणं ही बिघाड शोधायची जुनी आणि उत्तम पद्धत. माझी अर्धी रोजीरोटी तिच्यावर चालते. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: की बिघाड त्या भागात आहे, त्याला मिळणाऱ्या विजेत नाही. बिघाड विजेत असेल तर खात्रीचा भाग परीक्षक म्हणून आत जातो आणि बळी होऊन बाहेर येतो. म्हणून पॉवरवर तिळमात्र शंका असेल तेव्हा आधी मीटर लावायचा. मीटर नसेल तर भंगारातली, गेली तरी चालेल अशी डिस्क लावायची. बॅकअपची डिस्क चाचणीचं हत्यार कधीच नसते. त्या रात्री, डोक्यावर छापखाना असताना, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं.

ताईंनी कपाट उघडलं. डिस्क चंदेरी पिशवीत, पिशवीवर मार्करने लिहिलेलं ‘अंक – रविवार’. त्या क्षणभर थांबल्या. “अरे, ही एकच आहे हं.”

“मावशी, हिच्यातलं काही वाचायचं नाहीये. नुसतं मशीन चालू होतं का बघायचंय.”

कॅबिनेटमध्ये बसवायलाही वेळ नव्हता. डिस्क टेबलावर वर्तमानपत्रावर उताणी ठेवली, हिरवी पट्टी वर. वायर लावली. भिंतीवरचा स्विच चालू, मग बटण.

‘टिक्’ असा बारीक आवाज झाला. पॉवरच्या तोंडापासून बोटभर अंतरावर, हिरव्या पट्टीवर, एक ठिणगी दोघांनाही दिसली. पंखा थांबला. या वेळी देवापाशी उदबत्ती नव्हती. वास आला.

रात्री ११.२५ · नंतर

मला फोन आला तेव्हा ताईंचा आवाज शांत होता. “दादा, तुम्ही येता का? आता कशाला हात लावत नाही आम्ही.” त्या रात्रीचं हे सगळ्यात मोलाचं वाक्य.

गेल्यावर आधी सगळ्या डिस्क सोडवल्या. पॉवर सप्लाय एकटा बाहेर काढून ठेवला. चोवीस पिनांच्या जोडात, क्लिपच्या बाजूच्या ओळीत चौथी पिन शेजारच्या अर्थिंगला जोडली की सप्लाय मदरबोर्डाशिवाय सुरू होतो. ती संशयित वायर लावली. मीटरची काळी सळई अर्थिंगवर, लाल सळई साटाच्या सातव्या पट्टीवर. जिथे ५ यायला हवेत तिथे मीटरवर १२.१ आले. भाचा माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याला काही सांगावं लागलं नाही.

मग माळ्यावरचं खोकं उतरवलं. त्यातल्या मूळ वायरीवर त्याच पट्टीला ५.०. दोन्ही वायरी शेजारी धरल्या तर मलाही फरक सांगता आला नसता.

साडेतीन इंची हार्ड डिस्कवर एक सोय असते, जी बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पॉवरच्या तोंडाजवळ बहुधा दोन छोटे काळे डायोड असतात, एक ५ व्होल्टच्या वाटेवर आणि एक १२ च्या. जास्त व्होल्टेज आलं की तो डायोड स्वतः शॉर्ट होतो, पॉवर सप्लायला ट्रिप करतो आणि पुढचं सर्किट वाचवतो. ठिणगी पडली होती तिथलाच डायोड मीटरवर सलग बीप देत होता. बारीक आशा होती, ती मी ताईंना सांगितली, आणि ती बारीकच आहे हेही सांगितलं. रात्री घरातल्या सोल्डरिंगने हात घालायचा नाही असं ठरवून डिस्क पिशवीत परत ठेवली.

रविवार

ज्याचं रोजचं काम मोबाइलच्या बोर्डांवर चालतं अशा एका ओळखीच्या कारागिराने सकाळी गरम हवेने तो डायोड उचलला. शेजारच्या शून्य ओहमच्या रेझिस्टरमधून वीज जातेय हे तपासलं. डिस्क डॉकवर, डॉकच्या स्वतःच्या ॲडॉप्टरवर लावली. ती फिरली. आता तिला संरक्षण उरलेलं नव्हतं, म्हणून दुसरं काही न बघता आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. अंक सापडला, पण मागच्या रविवारपर्यंतचा.

दोन्ही एसएसडी काही बोलल्या नाहीत. डेटा परत मिळवून देणाऱ्या एका लॅबने आठवड्याने सांगितलं की जुनीचा कंट्रोलर जळालाय. फ्लॅशच्या चिपा सुट्या काढून वाचल्या तरी त्यातली मांडणी त्या कंट्रोलरलाच उलगडते. हार्ड डिस्कची हिरवी पट्टी बदलून, तिच्यावरची रॉमची चिप हलवून पुष्कळदा काम होतं. एसएसडीला ती वाट जवळपास नाहीच.

राहिले सहा दिवस. मुद्रितशोधकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या कमी दर्जाच्या पीडीएफ त्यांच्या फोनवर होत्या. त्यांतला मजकूर कॉपी केला तर वेलांट्या-मात्रा विस्कटून येत होत्या, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसत होता. म्हणून पीडीएफ एका पडद्यावर ठेवून मजकूर पुन्हा टाइप करायचा ठरलं. दोन कथा लेखकांच्या मेलमध्ये मूळ रूपात मिळाल्या. बँकेने जाहिरात परत पाठवली. सराफाकडच्या मुलाने रविवार असूनही दुकान उघडून फाइल दिली. चित्रकाराकडे सगळी चित्रं होती. संपादक स्वतः ताईंच्या घरी येऊन बसले आणि कवितांची पानं त्यांनी टाइप केली. छापखान्याने बुधवारची वेळ दिली. अंक बाजारात आला तेव्हा वसुबारस होऊन गेली होती, आणि दिवाळी अंकाला चार दिवसांचा उशीर म्हणजे काय हे विक्रेत्याला विचारावं.

पुढच्या शनिवारी भाचा सॅक घेऊन माझ्याकडे आला. आत त्याच्याकडच्या सगळ्या सुट्या वायरी होत्या. एकेक वायर तिच्या पॉवर सप्लायला लावून मीटरने मोजली, आणि दोन्ही टोकांना मॉडेलचं नाव लिहून पांढरी चिकटपट्टी लावली. ज्या वायरींचा पॉवर सप्लाय सापडला नाही त्या मधोमध कापून भंगारात टाकल्या.